मेणाचा गोळा

रोह्याच्या एका कॉलेजातलं प्राणिशास्त्राचं संग्रहालय कमळाकर घरतांनी उभं केलं. ते मूळचे खाडीकाठच्या गडब गावचे. खाडीत काही मेलेलं वाहून आलं की लोक त्यांनाच फोन करायचे. एक डॉल्फिन तर त्यांनी स्वतः सोलला, हाडं वाळूत पुरून साफ केली आणि तारेनं जोडून छताला टांगला. रविवारच्या पेपरात ते लिहायचेही. एकदा त्यांनी अत्तरासाठी सोन्याच्या भावानं विकल्या जाणाऱ्या देवमाशाच्या उलटीवर लिहिलं: ती माशाच्या आतड्यात कशी तयार होते आणि तिच्या नावाखाली बाजारात काय काय खपवलं जातं.

तो लेख वाचून हैबतराव नावाचा एक दलाल आला. सोबत डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा जितेश. भर दुपारी हैबतरावानं संग्रहालयाचं दार आतून लावलं आणि टेबलावर एक करडा गोळा ठेवला.

"सर, ह्याच्याकडनं घेतलाय. खरा हाय का सांगा."

"हे बाळगणं गुन्हा आहे. पोलिसांकडे जा."

हैबतरावानं पिशवीतून कोयता काढला. "इचारलं तेवढं सांगा."

कमळाकरांनी सुई तापवून गोळ्यात टोचली. मेणबत्तीचा वास आला. जितेशच्या तोंडावर घाम फुटला होता. कमळाकरांना वाटलं, खोटा म्हटलं की सौदा मोडेल आणि दोघं भांडत का होईना, बाहेर जातील.

"मेण आहे."

पहिला घाव जितेशच्या खांद्यावर बसला.

"मला पन फसवलाय, आईशप्पत!" तो ओरडला. दुसरा मानेवर बसला. कमळाकरांनी मागून हैबतरावाला मिठी मारली. त्यानं त्यांना कपाटावर भिरकावलं. नमुन्यांच्या काचेच्या बरण्या फुटल्या, आतलं फॉर्मालिन डोळ्यांत गेलं आणि दिसायचं बंद झालं. ऐकू मात्र येत होतं: घाव, पायाखाली चुरडणारी काच. मग नुसती हैबतरावाची धाप.

जितेश तिथंच गेला. कमळाकरांचा डावा डोळा गेला. हैबतराव नागोठण्याला सापडला. साक्षीच्या आधी त्याच्या माणसांनी रोहा स्टेशनबाहेर कमळाकरांच्या गुडघ्यावर लोखंडी पाईप घातला. ते कुबडी घेऊन कोर्टात उभे राहिले. हैबतरावाला जन्मठेप झाली.

कोर्टाबाहेर जितेशची बायको सरू थांबली होती.

"खरा हाय म्हनला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"मला वाटलं, ते निघून जातील…"

"तुमाला वाटलं," ती म्हणाली आणि वळली.

त्यानंतर बरेच महिने त्यांनी काही लिहिलं नाही. मग एक दिवस ती दुपार लिहून काढली, सरूच्या प्रश्नासकट. संपादक म्हणाले, शेवट जरा सौम्य करा. कमळाकर म्हणाले, "नाय, मग छापू नका." लेख जसाच्या तसा छापला गेला.

संग्रहालय पुन्हा उघडलं आहे. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. चिमट्यात धरायला गेलं की खेकड्याचा पाय निसटतो. ते पुन्हा धरतात.