तेवीस नंबरचा शिक्का

जिना पुसणाऱ्या मावशींनी बादलीत फिनेल ओतलं, की आजही मी घराचं दार लावून घेते.

नववीत शाळा सोडून मी गोंदियाहून पुण्याला आले आणि वाघोलीच्या एका गोदामात पॅकिंगला लागले. तिथं प्रत्येक खोक्यावर भरणारीच्या नंबरचा शिक्का मारायचा. नव्या बाईला पहिले पंधरा दिवस स्वतःचा नंबर नसे, ती शेजारणीचा शिक्का वापरायची. माझ्या शेजारी मंगलताई होत्या. तेवीस नंबर.

चौथ्याच दिवशी घाईत मी फिनेलच्या बाटल्यांच्या झाकणांना टेप लावायला विसरले. आठवड्यानं खोकी परत आली. पुठ्ठ्याचा लगदा झालेला, वासानं डोळे चुरचुरत होते, आणि सगळ्यांवर शिक्का तेवीस.

"अहो मंगलताई," सुपरवायझर म्हणाले, "सहा वर्षं झाली ना तुम्हाला? आता झाकणं लावायचा क्लास काढू का?"

ताईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून टेपचं टोक नखानं शोधत राहिले.

"चुकलं साहेब," त्या म्हणाल्या. त्याच दुपारी त्यांना काढलं.

डबा पिशवीत टाकताना हळूच म्हणाल्या, "माझं निदान घर आहे गं वारज्यात. तू कुठं गेली असतीस?"

तेव्हा मला नुसतं हायसं वाटलं होतं. वारज्यातल्या घरीही संध्याकाळी चूल पेटवावी लागते, हे त्यांच्या वयाची झाल्यावर कळलं.

सोमवारी मला माझा नंबर मिळाला. तेवीसच. तो रिकामा झाला होता.