तहानलेला साचा

लातूरकडून लग्न होऊन मी रेवदंड्याला आले, तेव्हा मला ना मासे साफ करता येत होते, ना इथलं बोलणं नीट कळत होतं. शाळा आठवीतच सुटलेली. काही चुकलं तर हे लोक माहेरी धाडतील, ही धास्ती कायम. सासऱ्यांनी मात्र माझी इयत्ता कधीच विचारली नाही. होड्या बांधण्यात त्यांची हयात गेलेली. म्हातारपणी ते अंगणात काँक्रीटची तुळशीवृंदावनं ओतायचे. साचा त्यांनीच केलेला. सागाच्या चार फळ्या, प्रत्येकीत आतून कोरलेलं कमळ. तो त्यांनी माझ्या हाती दिला.

"पोरी, लाकडाला आधी दिवसभर पाणी पाजायचं, मंग तेल. तहानलेलं लाकूड काँक्रीटमधलं पाणी पितं, फुगतं, आणि मंग सोडत न्हाय."

त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

मग धाकटी जाऊ आली. पनवेलची, डिप्लोमावाली. मोबाईलवर बघून तिनं पांढऱ्या सिमेंटच्या कुंड्या केल्या, तर समुद्रावर येणारे लोक गाडी थांबवून घेऊन गेले. "धाकटीचं डोकं बघा कसं चालतं!" सासरे शेजारीपाजारी सांगत सुटले. माझ्याबद्दल असं ते कुणाला बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या दोन भाकऱ्या करपल्या.

तुळशीच्या लग्नाआधी त्यांनी साचा तिला दिला. मी पायरीवर लसूण सोलत होते. साचा उन्हात वाळून खडखडीत झालेला. तिनं तेल छान लावलं, अगदी पाकळीच्या टोकापर्यंत. पाणी मात्र नाही. मला दिसत होतं. मी लसूण सोलत राहिले.

तिनं काँक्रीट ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी फळ्या सुटेनात.

"पाणी पाजलंस का?" सासऱ्यांनी विचारलं.

"लाकडाला?" ती भांबावली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "थोरलीनं सांगितलं न्हाय?"

"मीच नाही विचारलं हो त्यांना, बाबा."

तिनं मला सांभाळून घ्यावं, हे तर मला सहनच होईना. "मी बघत होते, बाबा," मी म्हटलं. "मुद्दाम गप्प बसले."

माझी पिशवी भरायची वेळ आली, असं वाटलं. सासरे आत गेले, छिन्नी-हातोडा घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला. "काँक्रीट फोड. लाकडाला लागता कामा नये. आणि उद्या हिला शिकव."

दुपारभर आम्ही दोघी आतून खपल्या काढत बसलो. "ताई, डोळ्यात उडेल हां," म्हणत ती माझ्या तोंडापुढे हात धरायची. साचा वाचला; एका कमळाची एक पाकळी तेवढी तुटली.

दुसऱ्या दिवशी साचा पिंपात बुडवून मी तिला सगळं सांगितलं. तिनं एकदाच ऐकलं. पुढचं वृंदावन तिच्या हातून स्वच्छ सुटलं, कडा धारदार.

मला ते जमायला अख्खा पावसाळा लागला होता. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.