चमच्याची मूठ

कारखान्यात त्याला सगळे ‘मायक्रॉन’ म्हणत. पंपाची ओतीव झाकणं टेबलावर ठेवायची, स्कॅनरची लाल रेघ त्यांच्यावरून फिरवायची आणि केसाहून बारीक फरक दिसला तरी झाकण परत पाठवायचं, हे त्याचं काम. ओतकामवाले त्याच्या नावाने बोटं मोडत. बायको म्हणे, “लग्नाआधी मला त्या यंत्राखाली धरलं नाहीस, हे नशीब.”

त्याच्या वडिलांचे हात थरथरत. औषधाने जरा थांबत, पुन्हा सुरू. आयुष्यभर कुणाचा मिंधा न राहिलेल्या माणसाला सुनेने भरवायचं, म्हणजे त्यांचा जीव अर्धा होई. एकदा ते मुलाला म्हणाले, “चमचा बोटांतून निसटतो रे. माझ्या मापाची जाड मूठ करून दे. मग माझं मी जेवेन.”

मायक्रॉनला केवढा हुरूप आला. साहेबांना विचारून सुट्टीच्या दिवशी तो वडिलांना कारखान्यात घेऊन गेला. स्कॅनरला हात ओळखता यावा म्हणून त्यावर गोल खुणा चिकटवल्या, रेघ फिरवली. पण स्कॅनरला समोरची वस्तू निश्चल लागते. पडद्यावर हाताच्या जागी पिंजलेला कापूस. खाली उशी दिली, तरी तेच. शेवटी त्याने मनगट घट्ट धरलं, तर पडद्यावर वडिलांच्या हातात त्याचीच बोटं रुतलेली.

“बाबा, जरा स्थिर ठेवा ना.”

“तो माझं ऐकत असता तर इथे कशाला आलो असतो?”

मायक्रॉनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने पळवाट काढली. बापलेकांचे पंजे सारखेच आहेत, असं आई म्हणायची. त्याने स्वतःच्याच हाताचं माप घेऊन थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकची मूठ छापली आणि वडिलांना काही सांगितलं नाही.

घरी सूप वाढलं. मूठ वडिलांच्या हातात बसली. “वा, काडीचाही फरक नाही,” ते खुशीत म्हणाले. चमचा वाटीतून भरून निघाला आणि तोंडाशी रिकामा पोचला. सूप सगळं सदऱ्यावर. दुसऱ्यांदा चमचा दातांवर आपटला. आता तो निसटत नव्हता, हातासोबत थरथरत होता. मापात चूक असती तर मायक्रॉनने रात्रंदिवस खपून ती काढली असती. चूकच नव्हती. तो रडायच्या बेतात आला.

“दुसरी करतो, बाबा. जड करून बघू.”

“राहू दे. माप बरोबर आहे.”

वडिलांनी चमचा त्याच्या हातात दिला. तिथे तो अगदी चपखल बसला. मग त्यांनी तोंड उघडलं.