पिंगळ्याची बैलजोडी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. एका घरफोडीतला पंच दुसऱ्याच घरफोडीत उभा दिसतो. बैलजोडीचं प्रकरण मात्र जसं घडलं तसं माझ्यासमोर आहे. धाराशिवच्या सायबर पोलीस ठाण्यातली ती माझी शेवटची नेमणूक. या हकिकतीत मी कुणाचं नाव घेणार नाही आणि गावंही मुद्दाम इकडची तिकडे केली आहेत. असं का, ते वाचताना कळेलच.

सकाळची हजेरी आटोपली होती. कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत असलेले एक व्यापारी आत आले आणि खुर्चीच्या कडेला टेकले.

"साहेब, तक्रार करायची न्हाय. नुसतं इचारायला आलोय."

नुसतं विचारायला आलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखं सगळ्यांत जास्त असतं, हा माझा अनुभव. मी चहा मागवला आणि केबिनचं दार लोटून घेतलं. हळूहळू ते बोलू लागले.

त्यांची मुलगी नववीत होती. तिला मोबाइलवर एक खेळ आवडायचा. त्यात प्रत्येकानं आपापलं गाव वसवायचं असतं. घर, झाड, देऊळ, जनावर, जे हवं ते इंटरनेटवरून घेऊन आपल्या गावात उभं करायचं. या वस्तू लोक संगणकावर घडवतात आणि विकतात. खेळण्यांचा बाजार असतो तसा हा बाजार, फक्त खेळणं हातात धरता येत नाही. पोळ्याच्या सुमारास मुलीला एका मेसेजिंग अॅपवरच्या चॅनलवर सजवलेली बैलजोडी दिसली. झूल, बाशिंग, शिंगांना गोंडे. किंमत अगदी थोडी. तिनं ती घेतली. फाइल उघडताना मोबाइलनं परवानगी मागितली आणि तिनं 'हो' दाबलं.

काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून तिचाच फोटो तिला आला. सोबत शाळेचं नाव, वडिलांच्या आडतीचं नाव. पैसे पाठव, नाहीतर हा फोटो घाणेरडा करून तुझ्या बापाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवतो. पोरीनं भीतीनं वडिलांच्या मोबाइलवरून पैसे पाठवले. मागणी वाढली. मग तिनं शाळा सोडली, जेवण सोडलं.

"पोरीचं नाव कुठं येऊ देऊ नका, साहेब," ते म्हणाले. "कळंब लई लहान हाय."

"या खोलीच्या बाहेर जाणार नाही," मी म्हणालो.

फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला. धमकीचा नंबर आणि पैसे गेलेलं खातं, दोन्ही भलत्यांच्याच नावावर निघाली. मुलीचा जबाब घ्यायला आमच्या महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत, स्कूटीवर गेल्या. गल्लीत पोलिसांची गाडी उभी राहिली की अर्धी बदनामी तिथंच होते. परत येऊन त्या म्हणाल्या, "सर, पोरगी मला एकच विचारत होती. 'ताई, माझी चूक झाली का?'"

बैलजोडीच्या खाली बनवणाऱ्याचं नाव होतं, पिंगळा. आपल्याकडे पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणारा पिंगळा असतो, तेच नाव कुणीतरी घेतलं होतं. खरं नाव, फोटो, पत्ता काही नाही. खेळाच्या मुख्य बाजारातही पिंगळ्याचं दुकान होतं आणि तिथं देवळं, गाड्यांपासून जात्यांपर्यंत सगळं मराठवाड्याचं सामान होतं. आमच्या लेखी हाच आरोपी. तोंड लपवतो म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असा सरळ हिशेब आम्ही केला.

बाजार चालवणाऱ्या कंपनीला रीतसर पत्र गेलं. संगणकावर असं सामान घडवणारं कुणी जिल्ह्यात आहे का, एवढंच आम्ही ओळखीपाळखीत विचारून ठेवलं होतं, आणि उत्तर यायच्या आधीच खबर आली. आमच्या ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन अणदूरला एका घरी इन्व्हर्टर बसवायला गेला होता.

"खोलीत मोठा कॉम्प्युटर हाय, साहेब. पडद्यावर बैल गरागरा फिरत व्हता. म्या आत गेलो तर त्यांनी झटकन पडदा बंद केला."

"कुणी?"

"बाई हायत एक. शिकलेल्या. कुणात मिसळत न्हाईत."

मी आणि महिला उपनिरीक्षक अणदूरला गेलो. दार तिनंच उघडलं. वय पस्तिशीच्या आत-बाहेर. पुढच्या खोलीत तिचे वडील, निवृत्त ग्रामसेवक, आजारानं अंथरुणाला खिळलेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. ओळखपत्र दाखवल्यावर तिनं विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "माझं नाव बाहेर जाईल का?"

गुन्हा काय, हे न विचारता जो नावाचं विचारतो त्याच्यावर आमचा संशय वाढतो. मी आवाज चढवला. शाळकरी मुलीचा फोटो, धमक्या, सगळं तिच्यापुढं मांडलं. ती ऐकत राहिली. मुलीनं शाळा सोडल्याचं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"पिंगळा मीच," ती म्हणाली. "पण हे मी केलेलं नाही. माझ्या बैलाला गिऱ्हाइकाचा फोन नंबर कशाला लागतोय, साहेब? त्याला नुसतं उभं राहायचंय."

मग ती बोलली. पुण्यात ती गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होती. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोनं तिनं विक्री सुरू केली होती. वस्तू आवडल्या तसे फोनही येऊ लागले. कुणीतरी तिचा पत्ता शोधून खेळाडूंच्या ग्रुपवर टाकला. जातीवरून शिवीगाळ झाली. एक जण तर घराच्या दारापर्यंत आला. तिनं ते दुकान बंद केलं, वडिलांसाठी गावी परतली आणि पिंगळा होऊन पुन्हा सुरुवात केली.

"तेव्हापासून ठरवलंय," ती म्हणाली. "माझं नाव मी देणार नाही, आणि घेणाऱ्याचंही विचारणार नाही. पैशाचं बाजारवाले बघतात. कोण घेतं ते मला कळत नाही, कळायला नको."

उपनिरीक्षकांनी गुन्ह्यातली फाइल तिच्या पडद्यावर दाखवली. जोडी पुढं आली तशी ती खुर्चीत ताठ झाली.

"ही माझी विकायची जोडी नाहीच. हिला वेसण कुठंय?"

आम्ही पाहिलं. झूल होती, गोंडे होते, नाकात वेसण नव्हती. दुकानातल्या जोडीला होती.

"वेसण मी सगळ्यांत शेवटी घातली," ती म्हणाली. "त्याआधीची फाइल एकाच माणसाकडं गेलीय. शिकायचंय म्हणून मागं लागला होता. ईमेलवर बोलायचा. एकदा फोनवर समजावून सांगितलं त्याला. नाव न सांगता, पण आवाज माझाच होता."

दोन्ही फायली प्रयोगशाळेत गेल्या. अहवाल स्वच्छ होता. तिच्या मूळ फाइलमध्ये आकार आणि रंग, बस्स. चोरलेल्या फाइलला कुणीतरी एक छोटा प्रोग्राम जोडला होता आणि तो मोबाइलमधले फोटो अन् नंबर उचलत होता. ईमेलचा माग शेजारच्या तालुक्यात निघाला. संगणक दुरुस्तीचं दुकान, मालक तिशीतला, गावात चांगलं नाव असलेला. पंचांसमक्ष झडती घेतली, लॅपटॉप आणि मोबाइल सील केले आणि त्याला ताब्यात घेतलं.

तो पक्का होता. बैलजोडी नेटवर पडलेली मिळाली, ती मी नुसती पुढं पाठवली, आत काय होतं मला माहीत नाही, पिंगळा कोण ते माहीत नाही, कधी संपर्क नाही. एवढंच तो फिरवून फिरवून सांगत होता. माझे सहकारी म्हणाले, बाईंना समोर उभं करू, आवाज ओळखतील, मिटेल. मी नाही म्हणालो. त्याला तिचा चेहरा दिसला की तिचं लपणं संपलं, आणि गुन्हा तर तिच्यावरही झाला होता.

मी त्याला चहा दिला आणि पिंगळ्याची निंदा सुरू केली.

"मला तर वाटतं, पिंगळ्यानंच तुला अडकवलं. तो स्वतः नामानिराळा राहिला आणि तू इथं बसलास. लबाड माणूस दिसतोय तो."

त्याला आधार सापडल्यासारखं झालं. तो पुढं सरकला.

"तेच म्हणतोय मी, साहेब! तिलाच धरा की. लई शहाणपणा शिकवती ती बाई."

आमच्या तोंडून, कागदातून, प्रश्नांतून एकदाही बाईचा उल्लेख झाला नव्हता. आम्ही सगळे 'तो पिंगळा' म्हणत होतो.

"कोण बाई?" मी विचारलं.

त्यानं कप खाली ठेवला. पाणी मागितलं. मग लॅपटॉपचा पासवर्ड सांगितला. पुढचं काम त्या लॅपटॉपनं केलं. धमक्यांचे मजकूर, नंबर, सगळं त्यात होतं. दोषारोपपत्र दाखल झालं. बाकीचं न्यायालयाचं काम, त्यावर मी बोलणार नाही.

आरोपी सापडला की पोलिसाचं काम संपलं असं लोकांना वाटतं. आमची खरी परीक्षा पुढं होती. त्या लॅपटॉपमध्ये आणखी कितीतरी मुलामुलींचे फोटो होते. एका सहकाऱ्यानं सुचवलं, सगळ्या पालकांचा ग्रुप करून एकदम कळवू. काम झटक्यात झालं असतं, आणि प्रत्येकाला बाकी सगळ्यांची नावं कळली असती. आम्ही एकेका घरी स्वतंत्र फोन केला. वेळ लागला, लागू दिला. पत्रकार आले. त्यातला एक ओळखीचा होता. म्हणाला, "साहेब, कलाकाराचं नुसतं गाव तरी सांगा." मी सांगितलं, "धाराशिव जिल्हा. लिहून घ्या."

तक्रारींमुळं बाजारवाल्यांनी पिंगळ्याचं दुकान बंद केलं होतं. मूळ फाइलमध्ये दोष नाही, असं पत्र आम्ही त्यांना दिलं. त्यात नाव एकच होतं, पिंगळा. दुकान उघडलं. महिला उपनिरीक्षक कळंबला पुन्हा गेल्या आणि मुलीला सांगितलं की चोर सापडलाय, फोटो कुणाकडे गेलेले नाहीत आणि तुझी चूक नव्हती. पुढच्या सोमवारी ती शाळेत गेली.

तोपर्यंतच्या नोकरीत मी एक गोष्ट धरून चाललो होतो. जो लपतो तो गुन्हेगार. या प्रकरणानं शिकवलं की माणूस दोन कारणांनी दार लावतो. एक आत चोरीचा माल असतो म्हणून, दुसरं बाहेर चोर असतात म्हणून. बाहेरून दोन्ही दारं सारखीच दिसतात. कोणतं कोणतं आहे ते पोलिसानं शोधायचं, आणि दुसरं असेल तर ते दार आपणही उघडं टाकायचं नाही.

मी निवृत्त झालो. पुढच्या उन्हाळ्यात कळंबचे ते व्यापारी धाराशिवला कामाला आले होते, ते घरी आले. मुलगी दहावी झाली होती.

"आता खेळत न्हाय, साहेब, बनवती," ते म्हणाले. "त्या बैलजोडीवर नाव व्हतं न्हवं, पिंगळा, त्याला म्हणं हिनं दुकानातूनच निरोप धाडला, शिकवता का म्हणून. शिकवाया लागलाय. आधी मला भ्या वाटलं. पण पोरगी म्हणली, बाबा, त्यांनी माझं नावसुदिक इचारलं न्हाय."

काही महिन्यांनी खंडोबाच्या दर्शनाला अणदूरला गेलो तेव्हा तिच्या घरी डोकावलो. वडील आता काठी घेऊन अंगणापर्यंत यायला लागले होते. तिनं चहा केला.

"एक मुलगी शिकतेय माझ्याकडं," ती म्हणाली. "कुठली ते माहीत नाही. हात चांगलाय. तिची पहिली वस्तू परवा दुकानात लागली, तिनं घेतलेल्या टोपणनावानं. बघता का?"

मला दोघींची नावं माहीत होती. एका घरापासून दुसऱ्या घरी एसटीनं जाऊन संध्याकाळच्या आत परत येता आलं असतं. मी कप खाली ठेवला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. पडद्यावर एक बारव हळूहळू फिरत होती. पायऱ्या थोड्या वाकड्या होत्या.

"पाणी बघा तिनं कसं केलंय," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं, आणि त्यात आभाळ उतरलं होतं.