रनिंगमधली गाडी

जिल्ह्यातल्या सगळ्यात वेगवान गाडीला उसाने भरलेले ट्रॅक्टर मागे टाकून जायचे. गाडी टर्बोकाकांची होती, आणि त्यांच्या शेजारी काळा गॉगल लावून मी बसलेला असायचो.

टर्बोकाका वसमतला हळद पॉलिश करायचं यंत्र चालवत. नव्वदच्या सुमारास त्यांनी हैदराबादहून एक जुनी, लाल, दोन दारांची गाडी आणली. तिला टर्बो, म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा, बसवायचा आणि नांदेड रस्त्यावर एकदा तरी काटा शंभराच्या पुढे गेलेला बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून परदेशी मासिकं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. वाचता यायचं, कळायचं नाही. त्यामुळे सल्ला देताना मला कधीच अडचण आली नाही.

पण काका टर्बो बसवीनात. "मास्तर, आधी आतून पक्कं करू, मंग फुगवू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हवा कोंबली की आतला दाब वाढतो, कच्चे पिस्टन फुटतात. म्हणून त्यांनी ट्रकचे जाड पिस्टन लेथवर मापात उतरवून घेतले. नव्याने बांधलेलं इंजिन सुरुवातीला हळू चालवावं लागतं. झालं, मागच्या काचेवर 'रनिंग'ची पाटी लागली आणि गाडी चाळिसाच्या पुढे जाईना. रनिंग संपत आलं की काकांना शंका यायची. "पिस्टन बराबर हायेत, पण रॉड?" की इंजिन पुन्हा बाहेर, रॉड आरशासारखे घासून लख्ख, पुन्हा पाटी. मग इंजिनाच्या सांध्यात तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट, पुन्हा पाटी. अशात वर्षं गेली. माझी वरातही त्याच गाडीतून निघाली. तेवढ्या एकाच वेळी तिचा वेग कुणाला खटकला नाही.

काकू म्हणायच्या, "शेळ्या बी पुढं जाऊन राहिल्या तुमच्या."

"त्यांना कुठं रनिंग हाय?" काका शांतपणे म्हणत.

अखेर टर्बो बसला. अर्थातच पाटीही लागली. आठवडाही झाला नसेल, एका दुपारी माझ्या पोटात अशी कळ आली की मी वर्गातच आडवा झालो. पोरांना वाटलं, सर धड्यातला प्रसंग करून दाखवतायत. गावातले डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, ताबडतोब नांदेडला हलवा. काका गाडी घेऊन दारात हजर. त्यांनी मला मागच्या सीटवर टाकलं, तेव्हा मी कण्हत म्हणालो, "काका, रनिंग..."

"गप पड लेका!"

त्या दिवशी ट्रॅक्टर, जीप, एसटी, सगळे मागे पडले म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी डोळे गच्च मिटून आईच्या नावाने बोंबलत होतो. दवाखान्याच्या फाटकाशी इंजिनात खाडकन आवाज झाला आणि गाडी जागीच बसली. पिस्टन फुटला. मी वाचलो.

शुद्धीवर आलो तेव्हा काका खाटेशी बसले होते, हात तेलाने काळे. मला भडभडून आलं. "काका, तुमचं इंजिन..."

"इंजिनाचं काय, खोलू परत." मग आजूबाजूला बघून ते माझ्या कानाशी वाकले. "मास्तर, खरं सांग. काटा कुठवर गेला व्हता? माझं ध्यान रस्त्यावर अन् तुझ्यावर. बघायचंच राह्यलं."

"एकशेवीस," मी म्हणालो.

काका लहान लेकरासारखे हसले. पुढे जगले तोवर भेटेल त्याला ते सांगत राहिले, "एकशेवीस! इचारा, मास्तर साक्षीला हाय." आणि मी छातीवर हात ठेवून सांगायचो, व्हय, माझ्या डोळ्यांनी बघितलंय.