आईच्या गोळ्यांचा रंगीत तक्ता

मी तापट आहे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हालाही आधीच सांगून ठेवते. पण तापट माणसाचा एक गुण असतो. कुणी 'हे काय व्हायचं नाही' म्हटलं, की ते झाल्याशिवाय त्याच्या घशाखाली भाकरी उतरत नाही. आमचा जुना प्रिंटर पुन्हा रंगीत छापायला लागला तो याच गुणामुळे, आणि ते मी अजून घरी येईल त्याला सांगते. ऐकून ऐकून आमचे हे वैतागलेत.

प्रिंटर इंकजेट, शाईच्या टाक्यांचा. मुलगी कॉलेजात असताना घेतला होता. ती शिकली, नोकरीसाठी पुण्याला गेली, प्रिंटर इथं अनगोळला आमच्या घरात राहिला. मी मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे फळं, पक्षी, वाहनं असले तक्ते त्यावर पुष्कळ छापले. पण त्याचं खरं काम दुसरंच होतं. त्यावर मी आईच्या गोळ्यांचा तक्ता काढायचे.

आई निपाणीत एकटी राहते. वय झालंय, पण स्वतःचं स्वतः करते. तिनं उभा जन्म विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, हातात कात्री, एवढ्यावर तिनं माझ्या भावाला, अण्णाला, आणि मला शिकवलं. तिला वाचता येत नाही. रंगाला मात्र तिची नजर अशी, की भल्याभल्यांनी हात टेकावेत. विडीला बांधायच्या दोऱ्याचा रंग कारखान्यागणिक वेगळा असायचा, आणि दोन लालांतला फरक ती मान वर न करता सांगायची. म्हणून मी तिच्यासाठी हा तक्ता काढला होता. वर उगवता सूर्य, मधे डोक्यावरचा सूर्य, खाली चंद्रकोर. प्रत्येकासमोर त्या त्या वेळच्या गोळीचा फोटो, लिंबाएवढा मोठा, आणि रंग अगदी गोळीचाच. गोळी कागदाशेजारी ठेवून, पाच-सहा कागद वाया घालवून मी तो रंग जुळवायचे. आई तक्ता कपाटाच्या दाराला चिकटवायची आणि बघून बघून गोळ्या घ्यायची. इतक्या वर्षांत एक चूक नाही.

मग गेल्या वर्षी दसरा झाला आणि प्रिंटरमधला रंग गेला. काळं झकास उमटायचं. निळा, लाल, पिवळा साफ गायब. शाळेला सुट्टी होती, म्हटलं बघू सावकाश. सुट्टी संपता संपता डॉक्टरांनी आईच्या गोळ्या बदलल्या. नवा तक्ता लगेच हवा होता, आणि इथं मी माती खाल्ली. काळा-पांढराच तक्ता छापला आणि निपाणीला निघालेल्या शेजारणीबरोबर पाठवून दिला. चार दिवस चालेल, म्हटलं.

नव्या गोळ्यांत दोन गोल होत्या, एकाच मापाच्या. एक गुलाबी, एक फिकी पिवळी. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही राखाडी. आईनं दोन दिवस सकाळची रात्री आणि रात्रीची सकाळी घेतली. तिसऱ्या दिवशी तिला भोवळ आली आणि ती उंबऱ्यातच बसली. शेजाऱ्यांनी डॉक्टरांकडे नेलं, संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. पण तोवर अण्णाला फोन गेला होता.

अण्णा माझा थोरला भाऊ. संकेश्वरला असतो. त्यानं मला फोन केला तो डाफरतच.

"बास झालं आता. येत्या ऐतवारी गाडी घेऊन जातो आणि आईला कायमची हिकडं आणतो. घराला कुलूप."

"अण्णा, चूक माझी हाय. तिची न्हाय."

"कुणाचीबी असूंदे. एकटीला गोळ्या कळंनात, मग एकटी कशी राहणार ती?"

त्याचंही खोटं नव्हतं. मी आईला फोन केला. वाटलं, ती अण्णाला चार शिव्या हासडेल. तर ती हळूच म्हणाली, "मला न्हाय जायाचं गं. माझं घर हाय हे. पण आता कुठल्या तोंडानं सांगू? चुकले न्हवं मी." आईचा आवाज असा पडलेला मी कधीच ऐकला नव्हता, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही. फोन ठेवला आणि मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

हातात पाच दिवस होते. आधी सोपी वाट धरली. बाजारात झेरॉक्सच्या दुकानात रंगीत तक्ता काढायला गेले. गुलाबी गोळी जांभळट आली. मी खरी गोळी शेजारी ठेवून म्हटलं, "जरा गुलाबीकडं न्या की." दुकानदार म्हणाला, "बाई, मागं रांग बघा. गुलाबी ते गुलाबी." त्याला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. घरी येऊन रंगीत पेन्सिलींनी रंगवून बघितलं, तर आमचे हे म्हणाले, "ह्यो वाटाणा कुणाचा?"

दुसऱ्या दिवशी प्रिंटर पिशवीत घालून रिक्षानं दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं पिशवीत डोकावून बघितलं, बाहेरसुद्धा काढला नाही.

"अक्का, ह्याचं हेड गेलंय. भंगारात घाला. ह्यात हात घालण्यापरास नवा घेतलेला बरा."

"उघडून तरी बघा की."

"उघडून काय बघायचंय? गेलं म्हंजे गेलं."

झालं. तिथंच माझं डोकं सरकलं. माझ्या आईनं आयुष्यभर आपली कात्री आपण धार लावून वापरली, आणि हा माणूस न बघता हत्यार भंगारात घाला म्हणतोय. पिशवी उचलली आणि घरी आले. ह्यांनी विचारलं, "अगं, त्यो रोज हेच काम करतोय. त्याला कळत न्हाय आणि तुला कळतंय व्हय?" मी म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकू नका. टॉर्च कुठाय तेवढं सांगा."

काँप्युटरवरून हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, साफ करायची सोय असते, ती चालवली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी निळा आणि लाल उमटले, पिवळा अर्धवट. मला हर्ष मावेना. उद्या पिवळाही येईल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बघते तर पुन्हा सगळं काळं. पुन्हा साफ केलं, पुन्हा रंग आले, रात्र गेली की पुन्हा गायब. टाक्यांतली शाई खाली खाली चाललेली. शुक्रवारी अण्णाचा फोन, "आईची ट्रंक भरून ठेवायला सांगितलंय." मी फोन आपटला आणि पुन्हा सफाई लावली.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी घरी येऊन प्रिंटरसमोर बसले आणि पहिल्यांदाच शांत डोक्यानं विचार केला. रंग येतो, म्हणजे हेड गेलेलं नाही. आलेला रंग रात्रीत वाळतो. मग काळा का वाळत नाही?

आणि मला विडीची पानं आठवली. आई रात्री पानं भिजवायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. ते गोणपाट नीट दाबून झाकायचं काम माझं होतं. एक कोपरा जरी उघडा राहिला, तरी सकाळी पानं कडाकडा मोडायची आणि मला बोलणी खावी लागायची. मी स्वतःशीच म्हटलं, बाई, इथंही कुठलातरी कोपरा उघडा राहिलाय. झाकण बसत नाही.

काम संपलं की प्रिंटरचं हेड उजवीकडे कोपऱ्यात जाऊन बसतं, हे मला माहीत होतं. ते तिथं गेल्यावर खालचं काही दिसत नाही. म्हणून एक पान छापायला लावलं, हेड मधे आल्याबरोबर ह्यांना वायर उपटायला सांगितली, आणि हेड बोटानं डावीकडे सारून टॉर्च मारली. खाली रबरी काठाची दोन छोटी घरं होती. त्यांच्यावर हेड झाकून बसतं, म्हणजे शाई वाळत नाही. एक काळ्याचं घर, एक रंगांचं. काळ्याचा काठ स्वच्छ. रंगांच्या काठावर तांदळाचा एक दाणा आडवा पडला होता, कुंकवानं लाल झालेला, शाईत भिजून फुगलेला.

मी डोक्याला हात लावला. अक्षता होती ती.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. आई दसऱ्याला माझ्याकडे आली होती, येताना आपली कात्री आणि सूपही घेऊन आली होती. विड्या वळणं सोडून बरीच वर्षं झाली, पण ती दोन्ही पुजल्याशिवाय तिला दसरा झाल्यासारखं वाटत नाही. कात्री, सूप, ह्यांची मोटरसायकल, माझी शिलाई मशीन झाल्यावर ती प्रिंटरपाशी आली. म्हणाली, "ह्येच्या जिवावर माझ्या गोळ्या चालत्यात. ह्येलाबी पुजलं पायजे." आणि मला मिरवायची हौस. एक पान छापायला लावून वरचं झाकण उघडलं, हेड मधे सरकलं, आणि मी तिला आत दाखवलं, "हे बघ आई, हितनं रंग पडतोय." आईनं मोठ्या भक्तीनं मुठीतल्या अक्षता तिथंच वाहिल्या. बाकीच्या मी फुंकून, झटकून काढल्या होत्या. एक उजव्या कोपऱ्यात राहिली. हेड येऊन तिच्यावर बसलं. म्हणजे आईचा तक्ता बंद पाडला तो आईच्याच हातानं, आणि झाकण उघडून दिलं मी.

भुवया काढायच्या चिमट्यानं दाणा उचलला. कापसाचे धागे राहतात म्हणून ह्यांचा जुना मऊ बनियन फाडला. ते म्हणाले, "चांगला होता की." इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी घरात होतंच, ते कोमट करून दोन्ही घरं पुसली, हेडखाली ओली घडी ठेवून तासभर सोडलं. मग दोनदा सफाई. टेस्टच्या पानावर निळा आला, लाल आला, आणि शेवटी पिवळा, रेघ न रेघ. नव्या गोळ्यांची एकेक पट्टी आणून ठेवलेलीच होती. गुलाबी जुळायला सहा कागद लागले, पिवळी दुसऱ्याच कागदात जुळली. रविवारी सकाळी उठल्याउठल्या आणखी एक पान काढलं. रंग जागच्या जागी होता. मी ह्यांना उठवून दाखवलं. त्यांनी एक डोळा उघडून म्हटलं, "त्या दुरुस्तीवाल्याला नेऊन दाखव आता." दाखवलंही मी, पण ते नंतर.

पहिल्या बसनं निपाणीला निघाले. संकेश्वरला बस थांबली तेव्हा पदर डोक्यावरून घेऊन बसले, अण्णा कुठं दिसला असता तर वादाला तिथंच तोंड फुटलं असतं. आईच्या घरात ट्रंक भरून दाराशी ठेवलेली. सूप मात्र भिंतीवरच होतं, ते तिनं भरलं नव्हतं. मी तक्ता चिकटवला आणि कागदाच्या पुडीतला दाणा काढून तिच्या हातावर ठेवला. सगळं सांगितलं. मला वाटलं, ओशाळेल. तिनं दाणा उजेडात धरून बघितला.

"मग? म्या वाहिली नसती तर तुला त्ये मशीन उघडाय आलं असतं व्हय?"

मी दाणा परत पुडीत बांधला.

अण्णा दहाच्या सुमाराला आला. तक्ता बघितला, ट्रंक बघितली, माझ्याकडे बघितलं.

"कागद चांगला हाय. पण कागदानं भागत न्हाय."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? बघ की घेऊन परीक्षा," मी म्हटलं.

आई खाली बसली. भिंतीवरचं सूप तिनं मांडीवर घेतलं, पूर्वीसारखं. अण्णानं पट्ट्यांतली एकेक गोळी सुपात टाकली आणि हातानं कालवली. आईनं तक्त्याकडे बघत उचलायला सुरुवात केली. उगवत्या सूर्याच्या दोन, गुलाबी त्यातच. डोक्यावरच्या सूर्याची एक. चंद्रकोरीच्या दोन, त्यात फिकी पिवळी. सगळ्या उचलल्या आणि सुपात एक उरली. तीही पिवळी, गोल.

"ही ऱ्हायली की," अण्णा म्हणाला. "कुठं ठेवणार?"

"ही माझी न्हवं."

"नीट बघ. पिवळीच हाय."

"पिवळी हाय, पण माझी केळाच्या सालीवानी हाय. ही हळदीवानी." आईनं ती चिमटीत धरून त्याच्यासमोर केली. "ही तुझी हाय. गेल्या खेपंला आलतास तवा घेताना बघितलीया. खिशातनं काढून सुपात टाकलीस म्हंजे आज सकाळची घेतली न्हाईस व्हय रं?"

अण्णाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आई उठली, तांब्यातनं पाणी आणलं आणि तो गिळेपर्यंत त्याच्यासमोर उभी राहिली. माझी आई. अक्षर येत नाही, आणि शिकल्यासवरल्या लेकाची गोळी रंगावरून ओळखली. मला इतका अभिमान वाटला की डोळे पुसायचंही सुचलं नाही. अण्णानं ट्रंक उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

परतताना त्याच्या गाडीत आईऐवजी मी बसले, संकेश्वरपर्यंत. निम्मी वाट सरली. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "मलाबी एक तसला तक्ता काढून दे."

"तुला वाचता येतंय की."

"रंगीत दे," तो म्हणाला.