दुपारच्या गाडीचा गार्ड

अभनपुरातल्या आमच्या घरमालक काकांनी माझी नोकरी वाचवली, हे आधी सांगते. कशी वाचवली ते ऐकून कदाचित कोणाला खरं वाटणार नाही. रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं पुष्कळ असतात, पण ज्यांच्यातून रेल्वे निवृत्त झालेली नाही असे जगात एकटे काकाच असावेत. सगळं आयुष्य मालगाडीचे गार्ड होते. शेवटच्या डब्यातून गाडीवर नजर ठेवायची सवय अशी हाडात शिरली, की आजही घराबाहेर पडताना ते फाटकाशी थांबतात, मागे वळतात आणि सगळे आले का ते पाहतात. सगळे म्हणजे काकू. एकदा काकू चपला शोधत राहिल्या आणि ऑटोवाला निघायला लागला, तर काका ओरडले, "रुको भैया, पूरी गाडी नहीं आई!" काकू आतूनच म्हणाल्या, "अजून मालगाडीच समजून राहिले मले." चहाला उशीर झाला की ओट्यावर कागद सापडायचा: 'चहा सात मिनिटे उशिरा. कारण कळवावे.' काकू त्याच कागदामागे लिहायच्या: 'दूध नाही. आणून द्यावे.'

मी यवतमाळकडची. आठवीत शाळा सुटली आणि एका ओळखीच्या बाईच्या शब्दावर रायपुरात, समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात लागले. शटर उघडायचं, झाडू-पोछा करायचा, पेशंटांना नंबर द्यायचे. रायपुरात खोली परवडेना म्हणून जवळचं अभनपूर. बसमध्ये मला उलटी होते, म्हणून गाडी. दवाखाना नऊचा आणि गाडीही रायपुरात नऊलाच पोचायची. स्टेशनावरून पळत सुटलं तरी वीस मिनिटं उशीर ठरलेला. डॉक्टर मॅडम वाईट नव्हत्या, पण बंद शटरपुढे ताटकळलेले पेशंट त्यांनाच बोलत. "एक तारीख तक देखती हूँ," त्या म्हणाल्या, "फिर दूसरी रख लूँगी." त्या संध्याकाळी मी ओसरीवर बसून रडले. काका म्हणाले, "रडून गाडी लवकर सुटते काय? थांब, पाहू."

पाहू म्हणजे अर्ज. सकाळची गाडी अर्धा तास आधी सोडा, असे काकांचे अर्ज आधीपासून चालूच होते. पण त्यांची खरी धास्ती दुपारच्या गाडीची. ती रिकामी धावे, आणि रिकामी गाडी बंद होते हे गार्डाला कोणी शिकवायला नको. म्हणून रोज दुपारी ते तिकीट काढून रायपूरला जात आणि तिथं काहीच काम नसल्यामुळे त्याच गाडीनं परत येत. त्यांच्याकडे निवृत्तांचा पास होता, तो पेटीत. "पासवाल्याले गाडी मोजत नाही, पोट्टी." पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायकांनाही ते गोड बोलून सोबत नेत. काकू कोथिंबीर आणायला रायपूरला जातात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

अशात कळलं, की एक मोठे साहेब पाहणीला येणार. काकांनी चौकशी करून काढलं, साहेब दुपारच्या गाडीत बसणार. झालं! काका घरोघर फिरले. महिला मंडळ, पानठेलेवाला, कोणाकडे लग्नाला आलेले पाहुणे, कोणाला सोडलं नाही. साहेबांना गर्दी दिसली की सकाळच्या गाडीचंही ते ऐकतील, असा हिशेब. त्या दुपारी गाडी अशी भरली की साहेबांनाच दारात उभं राहावं लागलं. उतरून घाम पुसत ते खूश होऊन म्हणाले, "लोगों को टाइमिंग बढिया सूट कर रही है. कुछ बदलने की जरूरत ही नहीं." आणि गेले. काका बाकावर बसून राहिले. काकूंनी विचारलं, "काहून जी, भरली ना गाडी?" काका म्हणाले, "हव. जास्तच भरली." पारा हे आठवून अजून हसतो. मला तेव्हा हसू आलं नाही. एक तारखेला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी काका माझ्यासोबत सकाळच्या गाडीत चढले. इस्त्रीचा पांढरा गणवेश, काखेत वही. स्टेशनावरून माझ्या मागे पळत, धापा टाकत दवाखान्यात आले आणि मॅडमपुढे वही उघडून ठेवली. तीत माझा रोजचा दिवस होता: मी फलाटावर कधी आले, गाडी कधी सुटली, आणि संध्याकाळी मलाच विचारून लिहिलेलं, कधी पोचली. ते रोज सकाळी फलाटावर का येत, हे मला तेव्हा कळलं. "मॅडम, लडकी रोज बीस मिनट पहले से खडी रहती है. गाडी भी टाइम पे है. टाइम ही गलत है, इसका क्या दोष?" मॅडमनी एक पान उलटलं, मग दुसरं. "आप इसके पिताजी हैं?"

"नहीं. गार्ड हूँ."

मॅडम हसल्या. शटरची किल्ली शेजारच्या औषधवाल्याकडे गेली, मी साडेनऊची झाले, आणि संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबते. परतीची गाडी तरीही मिळते.

सकाळच्या गाडीची वेळ मात्र अजून तीच आहे. शंकर नगरातल्या दुकानांत जाणाऱ्या पोरी माझ्याच डब्यातून उतरून अजून पळतात, म्हणून अर्जही चालू आहेत. काकांना आता लिहवत नाही. ते सांगतात आणि मी लिहिते, माझ्या आठवीच्या अक्षरात. परवा लिहिता लिहिता विचारलं, "काका, तुम्ही सोता कुठं फिरायले गेले का जी रेल्वेनं?" काका म्हणाले, "गार्डाले गाव मागं जातानाच दिसते, पोट्टी. उतरलो कुठं?"

मी पुढची ओळ लिहिली. पण मनात ठरवून टाकलं आहे: एक दिवस काका-काकूंना मी माझ्या आईकडे घेऊन जाईन. पुढच्या डब्यात, खिडकीशी बसवीन, म्हणजे गाव समोरून येताना दिसेल. आणि तिथं सगळ्यांच्या आधी काकांना उतरवीन.